आस घासणारा साडू

दिगंबर गेला आणि हैदराबादच्या मराठी समाजातलं एक युग संपलं. निदान मंडळाच्या अध्यक्षांनी शोकसभेत तसं जाहीर केलं आणि सभागृहाने माना डोलावल्या. युग केवढं होतं हे ठरवणं अवघड नाही, कारण ते सगळंच्या सगळं एका काडेपेटीत मावत असे. दिगंबर खिळे घासायचा. लाकडाच्या छोट्या शर्यतीच्या मोटारी असतात, त्यांची चाकं ज्यांवर फिरतात ते बोटाच्या पेराएवढे खिळे. त्याने रेल्वेच्या हिशेब खात्यात नोकरी केली, तारनाक्याला घर बांधलं, मुलीला शिकवून परदेशी पाठवलं. पण त्या संध्याकाळी माणसं डोळे पुसत होती ती खिळ्यांसाठी. मी पहिल्या रांगेत बसलो होतो, कारण मी त्याचा साडू. मागे वळून पाहिलं तर दारापर्यंत माणसं उभी होती. माझ्या शोकसभेला खुर्च्या पुरतील, असा विचार माझ्या मनात आला आणि मला त्याचा हेवा वाटला. मेलेल्या माणसाचा हेवा करू नये असं म्हणतात. जिवंतपणी सवय लागलेली असली की ते इतकं सोपं नसतं.

बातमी त्याच्या काही दिवस आधी, एका दुपारी आली होती. फोन विमलने, म्हणजे माझ्या बायकोने घेतला. पलीकडे तिची धाकटी बहीण शकू होती. विमल बराच वेळ नुसती ऐकत राहिली. मग फोन खाली ठेवून म्हणाली, "दिगंबरराव गेले."

"कुठं?" मी विचारलं.

यात विनोद करायचा हेतू नव्हता. त्या दिवसांत दिगंबर सारखा कुठं ना कुठं जात असे; कधी मुलीकडे, कधी एखाद्या शाळेत मुलांना खिळे घासायला शिकवायला, आणि मला ते नेहमी नंतर, विमलकडून कळायचं. या वेळीही तो मला न सांगता गेला, एवढंच. जेवून उठला, हात धुतले, खुर्चीत टेकला आणि... झालं. कोणाला त्रास दिला नाही, उशाशी कोणाला जागवलं नाही, याचं विमल पुढे आठवडाभर कौतुक करत होती. माझ्याकडून एवढ्या समजूतदारपणाची तिला अपेक्षा नाही, हे तिच्या बोलण्यावरून स्पष्ट होत होतं.

साडू हे चमत्कारिक नातं आहे. भाऊ आपण निवडत नाही हे ठीक. पण साडू सासरे निवडतात, आणि तोही पहिल्या जावयाच्या वेळी झालेली चूक सुधारण्याच्या इराद्याने. मी थोरला जावई. कॉलेजात इतिहास शिकवायचो, त्यामुळे सासरे माझ्याशी फार आदराने वागत, म्हणजे फारसं बोलत नसत. मग दिगंबर आला. त्याच्या पहिल्या दिवाळीला आम्ही दोघेही सासुरवाडीला होतो. मी ओसरीवर पुस्तक घेऊन बसलो होतो. सासूबाई परसात चिंचेच्या कोळाने पितळेची भांडी घासत होत्या, आणि हा नवा जावई, अंगावर आहेराचा कोरा सदरा, बाह्या वर सारून त्यांच्या शेजारी जाऊन बसला आणि समई घासायला लागला. घरात एकच आरडाओरडा झाला. जावई भांडी घासतोय! सासूबाई हातातून समई ओढून घेत होत्या, तो सोडत नव्हता. शेवटी त्याने ती समई उन्हात धरली आणि सासऱ्यांना हाक मारली, "बघा मामा, तुमचं तोंड दिसतंय की नाही?" सासऱ्यांनी वाकून पाहिलं. दिसत असावं, कारण ते हसले. मी त्या घरात जावई म्हणून इतकी वर्षं वावरलो, पण सासरे हसताना त्यांचे दात मला तेव्हा पहिल्यांदा दिसले.

तेव्हापासून मला त्याचा हेवा वाटतो. हेव्याला काही मोठं कारण लागत नाही. त्याचा आवाज खणखणीत, माणसं त्याच्याभोवती गोळा व्हायची, त्याला कुठंही जागा मिळायची. तो नम्र वगैरे मुळीच नव्हता. स्वतःबद्दल बोलताना त्याला कसलाही संकोच वाटत नसे, आणि वाईट भाग असा की तो सांगायचा ते बहुतेक खरं असायचं. त्याचं वाईट व्हावं असं मला कधी वाटलं नाही. मला एवढंच हवं होतं की एकदा, एखाद्या फालतू गोष्टीत का होईना, त्याला माझा हेवा वाटावा. एकतर्फी हेवा फार दमवणारा असतो. तुम्ही मनात रात्रंदिवस एका माणसाशी झुंजत असता, आणि तो माणूस भेटला की प्रेमाने तुमच्या पाठीवर थाप मारतो.

निवृत्तीनंतर हे सगळं थोडं शांत झालं असतं, पण पुण्याहून एक सुयोग नावाचा आयटीतला तरुण गृहस्थ हैदराबादला राहायला आला. त्याआधी तो अमेरिकेत होता, आणि तिथला एक खेळ त्याने आमच्या मंडळात आणला. लाकडाचा एक ठोकळा, प्लास्टिकची चार चाकं आणि आसाऐवजी चार खिळे. ठोकळ्याला तासून मोटारीचा आकार द्यायचा, रंगवायचा आणि उतरत्या लाकडी मार्गावरून सोडायचा. इंजिन नाही, चावी नाही. पृथ्वी ओढेल तेवढंच धावायचं. खेळ मुलांसाठी होता. पहिल्या वर्षी मुलांनी गाड्या केल्या आणि आजोबांनी पाहिल्या. दुसऱ्या वर्षापासून आजोबांनी गाड्या केल्या आणि मुलांनी पाहायचं सोडून दिलं. सुयोग एकदा काकुळतीला येऊन म्हणाला, "काका, ॲक्च्युअली हा गेम लहान मुलांचा आहे."

"हौ हौ, मुलांचाच," दिगंबर म्हणाला. "तुम्ही मुलांना घेऊन तिकडं बसा की. इथं गर्दी नक्को."

सुयोगने नियमांचं मराठी भाषांतर करून वाटलं होतं, आणि त्यात खिळ्यांना 'आस' असा शब्द होता. शब्द बरोबर होता. रथाचा आस, पृथ्वीचा आस, पुल्लिंगी. इच्छा या अर्थाची जी आस, ती वेगळी, स्त्रीलिंगी. पण दिगंबरची शाळा तेलुगू, गल्ली दखनी आणि फक्त स्वयंपाकघर मराठी. त्याच्या भाषेत लिंग हे हवामानासारखं बदलायचं. त्याला दुसरी आसच माहीत होती. मंडळाच्या हॉलमध्ये तो सगळ्यांना खिळा दाखवत फिरायचा.

"अण्णा, माझी आस बघा."

"तुझा आस," मी म्हणायचो.

"माझीच की. दुसऱ्या कुणाची असंल?"

"दिगंबर, तो आस. पुल्लिंगी आहे."

"अण्णा, आधी गाडी पळू द्या. मग निवांत बसून व्याकरण बघू."

गाडी पळायची. पहिली यायची. व्याकरण बघायला कधी कोणाला वेळ झाला नाही.

खिळा घासण्यात एवढं काय आहे, असं मीही आधी म्हणायचो. कारखान्यातून येतो तेव्हा खिळ्याच्या डोक्याखाली धातूची एक बारीक कड उरलेली असते, आणि अंगावर यंत्राने पकडल्याच्या खुणा असतात. हाताला जाणवत नाहीत, पण चाक त्यांच्यावर दर फेरीला अडखळतं. दिगंबरने तारनाक्याच्या घराच्या मागच्या गॅलरीत टेबलाला ड्रिल मशीन आडवं बांधलं होतं. त्यात खिळा अडकवून फिरवायचा, डोक्याखालची कड कानशीने काढायची, मग पाणी लावून पाणकागद. आधी खरखरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक. आधीच्या कागदाचे ओरखडे नवा कागद पुसत नाही तोवर पुढं जायचं नाही. शेवटी जुन्या बनियनच्या चिंधीने पितळ घासायचं पॉलिश, आणि त्यावर पेन्सिलीच्या शिशाची पूड. मग भिंग. खिळ्यात वरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडायचं. ती रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग दिसली की खिळा तयार. कुठं ओरखडा असेल तर तिथं ट्यूबलाइट तुटायची. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला, चहाच्या आधी, ही ट्यूबलाइट बघावी लागे.

"खिळा खोटं बोलत नाही, अण्णा," तो भिंग माझ्या हातात देत म्हणायचा.

"खिळा काहीच बोलत नाही, दिगंबर."

"तुमच्याशी नसंल बोलत."

मी घासून पाहिलं नाही असं नाही. बेगम बाजारात जाऊन त्याच्याकडे होते त्याहून जास्त प्रकारचे पाणकागद आणले. दुकानदाराने कागदांची चळत बांधताना विचारलं, "फर्निचर का काम है क्या साब?" मी म्हटलं, खिळे घासायचे आहेत. "कित्ते?" चार, मी म्हणालो. तो माझ्याकडे बघत राहिला. "चार खीलों कू इत्ता कागज?" मी चळत काखेत मारली. घरी येऊन दुपारच्या दुपारी घासत बसलो. ओरखडा दिसला की घास, पुन्हा दिसला की पुन्हा घास. खिळे असे झळकायला लागले की विमलनेसुद्धा स्वयंपाकघरातून येऊन पाहिलं. शर्यतीत माझी गाडी सुटली, अर्ध्या उतारावर तिरकी झाली, कडेला घासली आणि तिथंच उभी राहिली. ती ढकलायची की नाही यावर नियमावलीत काही नव्हतं. दिगंबरने एक चाक काढलं, खिळा उजेडाकडे धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात निदान केलं.

"अण्णा, लई घासलात हो. बारीक होऊन गेला, चाक डुलतंय. ह्या बिचाऱ्यावर कुणाचा राग काढलात?"

सगळे हसले. विमल सर्वांत शेवटपर्यंत हसत होती.

"पुढच्या साली माझ्याकडं द्या," तो म्हणाला. "मी घासून देतो."

"नको."

"कायकू नक्को? सगळ्यांचे देतोच की मी."

हे खरं होतं. तो सगळ्यांचे खिळे घासून द्यायचा. सुयोगचे, अध्यक्षांचे, ज्यांच्या गाड्या त्याच्या गाडीच्या अगदी मागोमाग यायच्या त्यांचेही. लोकांना यात मनाचा मोठेपणा दिसायचा. मला यात फक्त एवढंच दिसायचं की त्याला कोणाचीच भीती नाही. आणि 'सगळ्यांचे' या शब्दात त्याने मलाही बसवलं, हे मला सोसलं नाही. घरी येताना रिक्षात विमल म्हणाली, "दिले असते तर काय बिघडलं असतं?"

"माझी गाडी जिंकली असती."

"मग?"

"मग ती त्याची झाली असती."

आमचं दिलसुखनगर येईपर्यंत विमल बाहेरच्या पाट्या वाचत राहिली.

शोकसभेत व्यासपीठामागे मोठा फलक लावला होता: 'आस घासली, आयुष्य उजळलं.' घासली! अध्यक्षांनी त्या स्त्रीलिंगी आसेवर भरपूर वेळ भाषण केलं. दिगंबररावांनी आपल्या सगळ्यांच्या मनात आस जागवली, ही आस विझू देऊ नका, वगैरे. खिळा विझत नाही हे त्यांना कोणी सांगितलं नाही. मग मला बोलायला सांगितलं. मी दोन शब्द बोलणार होतो आणि त्यातला एक दुरुस्तीचा असणार होता. मी उभा राहिलो आणि स्पष्ट उच्चारात म्हणालो, "दिगंबरचा आस..." पुढचं बोलण्याआधी क्षणभर थांबलो, तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून एक बाई शेजारणीला कुजबुजल्या, "बिचारे... रडू येतंय, शब्दसुद्धा चुकतायत." कोणीतरी उठून मला पाण्याचा पेला दिला. मी पाणी प्यायलो आणि खाली बसलो. व्याकरण हा एकच प्रांत माझा म्हणून उरला होता. तोही तो जाता जाता घेऊन गेला.

त्यानंतर काही आठवड्यांनी विमलला शकूकडे जायचं होतं, म्हणून मीही तारनाक्याला गेलो. दोघी बहिणी आत बोलत बसल्या. मी मागच्या गॅलरीत गेलो. सगळं जिथल्या तिथं होतं. ड्रिलवर शकूने एक धुतलेला टॉवेल पांघरला होता, जसा देवावर रात्री वस्त्र घालतात तसा. टेबलाच्या लाकडाच्या भेगांत खिळ्यांचा काळा चुरा वर्षानुवर्षं बसून घट्ट झाला होता. बोट फिरवलं तर बोट काळं व्हायचं. बसायला एक उंच स्टूल होतं. त्यावर बसावंसं मला वाटलं नाही. मी फरशीवरच मांडी घालून बसलो आणि खालून त्या टेबलाकडे बघत राहिलो.

शकू चहा घेऊन आली आणि दारातच थांबली.

"भाऊजी, तुम्ही अजून असं खाली बसता?"

"बसायला काय लागतं?"

"ह्यांना नव्हतं येत." तिने कप माझ्यापुढे ठेवला आणि स्वतः उंबऱ्यावर टेकली. "गुडघे कधीचेच गेले होते. म्हणून तर हे उंच स्टूल. कुणाला सांगू द्यायचे नाहीत..." तिने ड्रिलवरच्या टॉवेलकडे पाहिलं. "एक सांगू? हसू नका. हे फार जळायचे तुमच्यावर."

मी कप उचलत होतो, तो पुन्हा खाली ठेवला.

"कोण? दिगंबर?"

"मग आणि कोण? शर्यत झाली की घरी येऊन धुसफुसायचे. जिंकून यायचे आणि धुसफुसायचे."

सुतक फिटून फार दिवस झाले नव्हते, समोर मेहुणी बसली होती, आणि माझ्या मनात जे उसळलं त्याला दुःख म्हणता येणार नाही. माझं वाचन, मी विचार केला. माझी भाषणं. किंवा भाषा... वरून हसला तरी आत कुठंतरी तो पुल्लिंगी आस त्याला टोचत असणार. शक्य तितक्या थंड आवाजात मी विचारलं, "कशावरून जळायचा?"

"मांडीवरून," शकू म्हणाली.

याचा अर्थ कळायला शर्यतीची मांडणी माहीत हवी. गाड्या सोडायची जागा वर, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर असते. पोचायची रेषा अगदी जमिनीलगत, हॉलच्या दुसऱ्या टोकाला. कोणती गाडी केसभर पुढं आहे हे ठरवायला पंचाने तिथं मांडी घालून, गाल जवळजवळ फरशीला लावून बसावं लागतं. आमच्या वयाच्या लोकांत खाली बसून कोणाच्या आधाराशिवाय उठणारा मी एकटाच, म्हणून पंच कायम मी. माझी स्वतःची गाडी शर्यतीत असतानाही पंच मीच असायचो. तिचा निकालाशी संबंध येणार नाही याची मंडळाला खात्री होती. दिगंबर वर उभा राहून गाड्या सोडायचा. तिथून त्याला आपल्या गाडीची पाठ दिसायची, मग माणसांच्या पाठी दिसायच्या, मग टाळ्या ऐकू यायच्या. तो येऊन मला विचारायचा, "अण्णा, कशी आली हो?" मी म्हणायचो, "पहिली." पंचाने याहून जास्त सांगायचं नसतं.

"म्हणायचे, मी वर्षभर घासायचं आणि बघायचं अण्णांनी," शकू म्हणाली. "एकदा तर गुडघे बदलून घेतो म्हणाले. डॉक्टरांनी विचारलं, चालायला त्रास होतो का? तर म्हणे, चालायला नाही हो, बघायला होतो." ती हसली आणि पदराने नाक पुसलं. "कशी यायची हो भाऊजी? मला तरी सांगा."

मी सांगितलं. दुसऱ्या गाड्या येताना खडखडतात, त्यांची चाकं थरथरतात, फरशीला गाल लावला की हिशेबाने कळतं की आता आली. त्याची गाडी यायची तेव्हा काही कळायचंच नाही. उतार संपून सपाट मार्ग लागतो तिथं बाकीच्या दमतात. ही दमायची नाही, तशीच यायची, पाण्यावरून आल्यासारखी. चाकं फिरतायत की थांबलीयत हे दिसायचं नाही. डोळ्यासमोरून गेल्यावर अंगावर थोडा वारा यायचा, आणि मग कळायचं की गेली. मी दर वर्षी ठरवायचो की या वेळी नीट बघायचं, कुठंतरी अडखळत असणारच. कधी अडखळली नाही... इतकी सुंदर गोष्ट इतक्या जवळून बघायला लागणं, आणि ती त्याची असणं, हे मला फार जड जायचं. हे शेवटचं वाक्य मी शकूला सांगितलं नाही. पण ती मोठी हुशार आहे. तिच्या बहिणीपेक्षा कमी नाही.

"हे ऐकलं असतं तर केवढे फुगले असते," ती म्हणाली.

"म्हणून तर सांगितलं नाही."

चहा निवाला होता. तो मी तसाच प्यायलो. टॉवेलचं एक टोक घसरलं होतं, ते शकूने उठून सारखं केलं. आतून विमलने हाक मारली तेव्हा मी उठलो, हात न टेकता, जरा जास्तच सावकाश; शकू बघत होती.

तेव्हा आता हे लिहायला हरकत नाही, साक्षीदार आहे: दिगंबरला माझा हेवा वाटत होता. बरीच वर्षं, जिंकून घरी गेल्यावरसुद्धा. परवा मंडळाकडून निरोप आला. या वर्षीपासून शर्यतीला दिगंबरचं नाव देणार आहेत, आणि पोचायच्या रेषेवर निकाल टिपायला मोबाइल लावणार आहेत, त्यामुळे पंचांना खाली बसावं लागणार नाही.